खात्रीमिस्त्रीचा स्कॅनर

गाडी पुन्हा बंद पडली ती उतारावर, आणि या वेळी चालवणारीने कुणाला फोन केला नाही. तिने चाकांखाली दगड लावले, इंजिनाचा राग शांत होईपर्यंत थांबली, मग पहिल्या गिअरमध्ये सगळा डोंगर उतरून थेट भावाच्या गॅरेजमध्ये आली. चावी तिने त्याच्या हातात दिली नाही. कामाच्या टेबलावर, पान्यांच्या शेजारी ठेवली. तेवढ्यावरून भावाला कळलं की प्रकरण हाताबाहेर गेलंय.

"दादा, तू म्हणाला होतास आता पडणार नाही."

"पडली?"

"छे, मी हौस म्हणून दगड गोळा करत होते! वळणावर पडली. स्टेअरिंग जड, ब्रेक दगडासारखा, आणि बाजूला दरी."

"गिअर कोणता होता?"

"मी मरता मरता वाचले, आणि हा गिअर विचारतोय."

"तिसरा असणार," तो म्हणाला, आणि बॉनेट उघडायला वळला.

बहीण जनावरांची डॉक्टर होती. डोंगरातल्या वस्त्यांवर जायचं, शेळ्या-मेंढ्या, गाईगुरं तपासायची, लसी टोचायच्या, हे तिचं काम. वर जायला रस्ता म्हणजे नुसता आखल्यासारखा. तिथे तिची ती जुनी डिझेलवरची, चारही चाकांना जोर असलेली गाडीच चढायची. नवी घेण्याची ऐपत नव्हती, आणि नव्या गाड्यांची पोटं त्या रस्त्याला घासतात, हेही होतं.

"पुढच्या आठवड्यात लसींचा डबा घेऊन वर जायचंय," ती म्हणाली. "त्याआधी ही नीट झाली नाही, तर मी भंगारवाल्याला बोलावते. आणि खालच्या दवाखान्यात बसून कुत्र्यांची नखं कापते. तुला चालेल?"

"कुत्र्यांची नखं कापणं वाईट काम नाही."

"दादा." तिचा आवाज उतरला. "तुझ्या शब्दावर चालवते मी ही गाडी. दुसरं काही नाही माझ्याकडे."

भावाने बॉनेटखाली मान घातली. असं त्याला दुसरं कुणी म्हणत नसे, कारण असं म्हणण्याची संधी तो कुणाला देत नसे.

त्याला सगळे खात्रीमिस्त्री म्हणत. "खात्री काय?" हा त्याचा प्रश्न होता, आणि तो प्रश्न तो माणूस, वस्तू, हवामान यांत फरक न करता विचारत असे. ब्रेकचे नवे पॅड आले की तो ते वासावरून ओळखायचा. सीलबंद ऑइलच्या डब्याचं सील तो भिंगाखाली धरायचा. गिऱ्हाईक म्हणालं, "सकाळपासून आवाज येतोय," तर तो विचारायचा, "कालपासून नाही कशावरून?" त्याची बायको शेजारणींना सांगायची, "घराला कुलूप लावून चार पावलं जातात, परत येऊन ओढून बघतात. एकदा मी आतच होते. हाका मारल्या, तर बाहेरून म्हणतात, कोण आहे?"

हे त्याला घरातूनच मिळालं होतं. वडिलांचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. लहानपणी मागच्या खोलीत बसून तो नामांकित कंपनीच्या रिकाम्या डब्यांत दुसराच माल भरायचा आणि झाकणाची पट्टी चिकटवायचा. पट्टी इतकी सरळ बसायची की वडील कौतुक करायचे. बहीण तेव्हा रांगत होती. तिच्या लेखी वडील म्हणजे देवमाणूस, आणि मिस्त्रीनेही ते तसंच राहू दिलं. स्वतः मात्र त्याने पुढे आयुष्यात एकही डबा न उघडता विकत घेतला नाही.

त्याचं गॅरेज चांगलं चालायचं. संशयी माणूस चांगला मेकॅनिक होतो. निदान त्याच्या हातून नट ढिला राहत नाही. शिवाय त्याची एक खासियत होती, तिच्यासाठी लांबून गाड्या यायच्या. तिला तो चोरबटण म्हणायचा. गाडीतली एक वायर मध्येच तोडून तिथे एक लहानसं बटण बसवायचं, आणि ते अशा ठिकाणी दडवायचं की मालकाशिवाय कुणाच्या हाताला लागू नये. बटण बंद केलं की चावी असूनही गाडी चालू होत नाही. चोर बिचारा चावी फिरवून थकतो. मालकालाही तो बटण दाखवायचा ते गॅरेजचं दार लावून, आणि वर बजावायचा, "बायकोला सांगू नका." एकीने, जिची स्वतःचीच गाडी होती, विचारलं, "मग नवऱ्याला सांगू का?" तर म्हणाला, "त्याला तर मुळीच नको."

बहिणीच्या गाडीने मात्र त्याला जेरीस आणलं होतं. ती गाडी अशा काळातली होती, जेव्हा डिझेल इंजिनात कॉम्प्युटर नुकता शिरला होता. म्हणजे नुसत्या कानाने आणि पान्याने काम भागत नाही, आणि आजच्या गॅरेजमधले स्कॅनर तिला लावावेत, तर ते तिच्याशी एक अक्षर बोलत नाहीत. तिच्याशी बोलणारा खास स्कॅनर पूर्वी निघायचा. तो बनवणारे केव्हाच दुकान बंद करून गेले. आता मिळाला तर जुनाच, कुणाचा तरी वापरलेला.

असा एक त्याने मागच्या वर्षी घेतलाही होता, एका गोड बोलणाऱ्या माणसाकडून, भर बाजारात, गाडी जवळ नसताना. घरी आणून जोडला, तर पडद्यावर स्वतःचं नाव दाखवून तो जो गप्प बसला तो बसलाच. प्रत्येक स्कॅनर ठरावीक गाड्यांसाठी उघडलेला असतो, बाकीच्यांसाठी बंद. हा भलत्याच गाडीचा होता. माणसाचा फोनही त्या दिवसापासून लागला नाही. मिस्त्रीने तो स्कॅनर फेकला नव्हता. कामाच्या टेबलासमोर खिळ्याला टांगून ठेवला होता, आपल्याच तोंडाला काळं फासून आरशात बघावं तसा.

त्यामुळे बहिणीच्या गाडीचं त्याने सगळं हाताने तपासलं होतं. डिझेलचा पंप बदलला, फिल्टर बदलला. इंजिनाचे फेरे मोजणारा सेन्सर बदलला. सेन्सरपासून कॉम्प्युटरपर्यंतची वायर दोन्ही टोकांना मीटर लावून पाहिली. मीटरने होकार दिला. प्रत्येक वेळी गाडी घेऊन गावाबाहेर फिरून आला. एकदाही बंद पडली नाही. बहिणीच्या हातात दिली की डोंगरात जाऊन पडायची. एकदा तर त्याने तिलाच विचारलं होतं, "तू क्लच नीट दाबतेस ना?" त्यानंतर ती आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही.

आता चावी टेबलावर पडली होती, आणि वेळ आठवड्याची होती.

जाहिरात बहिणीनेच शोधली. जुन्या वस्तूंच्या एका साइटवर, अंधुक फोटो, खाली दोन ओळी: स्कॅनर आहे, नवऱ्याचा होता, गाडी घेऊन या, तपासून घ्या. मिस्त्रीने फोन केला. पलीकडे एका बाईचा सपाट आवाज. तिने किंमत सांगितली, त्याने सवयीने कमी सांगितली, आणि ती म्हणाली, "ठीक आहे."

फोन ठेवून तो बहिणीकडे वळला. "लगेच हो म्हणाली."

"मग चांगलंच की."

"चांगलं कसलं? खरा माल असता तर भांडली नसती?"

"जास्त सांगितली असती तर म्हणाला असतास, लुटतेय. दादा, तुला नक्की कोणत्या किमतीला विश्वास बसतो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. गाडी बहीण चालवत होती; ती म्हणाली, "पडली तर माझ्या हातात पडू दे, म्हणजे क्लचचा विषय तरी मिटेल." पुढच्या डाव्या सीटखाली तिचा लसींचा थंड डबा नेहमीसारखा कोंबलेला होता. त्या घराच्या गल्लीच्या तोंडाशी मिस्त्रीने गाडी थांबवायला लावली, उतरला, बॉनेट उघडलं आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा प्लग उपसून ठेवला.

"हे काय करतोयस?"

"सापळा. स्कॅनर खरा असेल तर सांगेल, हा प्लग सुटलाय म्हणून. खोटा असेल तर काहीतरी भलतं बरळेल."

"आणि बाई खरी आहे की खोटी, ते कशाने कळणार? तिचा कुठला प्लग उपसणार?"

"तू बोलू नकोस तिथे. मी बोलतो."

घर गल्लीच्या टोकाला होतं, आणि घराला लागून एक गॅरेज, शटर अर्धं वर केलेलं. आत जमिनीत कामाचा खड्डा होता, त्यावर फळ्या टाकल्या होत्या. भिंतीवर पान्यांच्या आकृत्या रंगवलेल्या होत्या, पण पाने नव्हते. ते विकले गेले असावेत. फक्त पांढऱ्या बाह्यरेषा उरल्या होत्या. बाई साठीच्या आसपासची, अंगाने भरलेली, केस घट्ट बांधलेले. ती शटरखालून बाहेर आली, पण तिने कुणाला आत बोलावलं नाही.

"नमस्कार, वहिनी," मिस्त्री म्हणाला.

"वहिनी? माझ्या नवऱ्याला ओळखत होतात?"

"नाही, म्हणजे आपलं..."

"मग वहिनी कुणाची?"

मिस्त्रीच्या मागे बहिणीला खोकला आला.

बाईने गाडीभोवती एक चक्कर मारली. नंबर वाचला. मग गाडीची कागदपत्रं मागितली. मिस्त्रीला असं कुणी विचारायचं नाही. विचारायचं काम त्याचं. बहिणीने कागद काढून दिले. बाईने त्यावरचा फोटो पाहिला, बहिणीचा चेहरा पाहिला, पुन्हा फोटो पाहिला.

"गाडी यांची. मग स्कॅनर तुम्हाला कशाला हवा?" तिने मिस्त्रीला विचारलं.

"मी हिचा भाऊ. मेकॅनिक आहे."

"असं सगळेच म्हणतात."

मग ती आत जाऊन एक कापडी पिशवी घेऊन आली. स्कॅनर हातात मावेल एवढा होता. केबल नीट गुंडाळलेली. मिस्त्रीने तो उलटा करून पाहिला, स्क्रूंच्या खाचा पाहिल्या. कुणी उघडल्याच्या खुणा नव्हत्या. एका बटणावरची खूण मात्र पार झिजून गेली होती.

"खूप वापरलेला दिसतोय."

"मी वापरला. ते गाडीखाली झोपायचे, मी सीटवर बसून आकडे वाचून सांगायची. ते म्हणायचे खाली, मी खाली दाबायची. त्यांना चष्म्याशिवाय दिसायचं नाही, आणि चष्मा सापडायचा नाही."

"यात सगळं चालतं ना? एअरबॅग, ब्रेक..." मिस्त्रीने बोटांवर मोजत विचारलं. पैसे मोजायचे तर प्रत्येक सोय वाजवून घ्यायची, ही त्याची पद्धत. "आणि गाडीला नवी चावी शिकवता येते ना यातून?"

बाईने स्कॅनर त्याच्या हातातून काढून घेतला. हिसकावला नाही, काढून घेतला.

"चावीचं का विचारलंत?"

"सहज."

"तुमच्याआधी दोघं आले. दोघांनी पहिला प्रश्न चावीचा विचारला. एकाकडे तर गाडीही नव्हती. चावी शिकवता येणारा स्कॅनर कोणाला लागतो, मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? दुसऱ्याच्या दारातली गाडी न्यायला लागतो."

"मी? मी चोर?" मिस्त्रीचा आवाज फाटला. "अहो, चोरांपासून गाड्या वाचवण्यात माझी हयात गेली!"

"मला काय माहीत? खात्री काय?"

बहिणीने हे ऐकलं आणि गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेली. तिचे खांदे हलत होते.

शेवटी बहिणीनेच मार्ग काढला. कागद तिचे, गाडी तिची, तेव्हा स्कॅनर बाईंनी स्वतः जोडावा, बटणं स्वतः दाबावीत, दादाने फक्त बघावं. बाई ड्रायव्हरच्या सीटवर बसली, डॅशबोर्डखाली हात घालून न बघता सॉकेट शोधलं, केबल जोडली. पडदा उजळला. मिस्त्री खिडकीतून मान आत घालून बघत होता. गाडीने स्कॅनरला ओळख दिली. त्याच्या गॅरेजच्या खिळ्यावर टांगलेल्या त्या स्कॅनरने हे कधी केलं नव्हतं.

"दोन दोष आहेत," बाईने वाचलं. "हवेच्या तापमानाचा सेन्सर, जोडलेला नाही. तो तर तुम्हीच काढलाय."

"कशावरून?"

"बॉनेटच्या धुळीवर ताजी बोटं उठलीयेत. माझे यजमानही असंच करायचे जुना माल घेताना. दुसरा दोष: इंजिनाच्या फेऱ्यांचा सिग्नल मध्येच तुटतो. अनेकदा."

मिस्त्रीची मान ताठ झाली. "हा शक्यच नाही. तो सेन्सर मी नवा घातलाय. वायर मी तपासलीय. हा तुमच्या यजमानांच्या कुठल्यातरी जुन्या गाडीचा दोष असेल, यात अडकून राहिलेला."

"स्कॅनर दोष साठवत नाही. गाडी साठवते."

"पुसा बरं. पुसून पुन्हा वाचा."

तिने पुसलं, पुन्हा वाचलं. हवेचा सेन्सर राहिला. फेऱ्यांचा दोष गेला.

"बघा!" मिस्त्री बहिणीकडे वळला. "उभ्या गाडीत एकदा येतो, एकदा जातो. अशा वस्तूवर मी काय भरवसा ठेवायचा? चल."

"दादा, थांब."

"चल म्हणतो ना. एकदा फसलो तेवढं पुरे."

बहीण हलली नाही. ती बाईकडे बघत होती. "पुसला तर गेला, म्हणजे आत्ता नाही. पण होता. बरोबर?"

"हे चालताना होणारं दुखणं आहे," बाई म्हणाली. "आजारी माणूस खुर्चीवर बसून बरा दिसतो. जिना चढवून बघावं लागतं. गाडी फिरवून आणा, स्कॅनर चालू ठेवून."

"आणि तो घेऊन आम्ही पळून गेलो तर?" मिस्त्रीने विचारलं. प्रश्न त्याच्या तोंडून सवयीने निघाला.

"म्हणूनच मीही येतेय," बाई म्हणाली.

सेन्सरचा प्लग मिस्त्रीने जागेवर बसवला. बहीण स्टेअरिंगवर, बाई शेजारच्या सीटवर, स्कॅनर मांडीवर. मिस्त्री मागे, दोन सीटांच्या मधून मान पुढे काढून. बाईचे पाय लसींच्या डब्याला अडत होते. तिने टाचेने तो सीटखाली मागे ढकलला.

गाडी गल्लीतून बाहेर पडली, मोठ्या रस्त्याला लागली. इंजिन गुरगुरत होतं. बाई फेरे वाचत होती, वर्षानुवर्षं वाचले असतील त्याच सपाट आवाजात. मिस्त्री पडदा आणि डॅशबोर्डवरचा काटा आळीपाळीने बघत होता. स्कॅनर खोटं बोलतोय, हे त्याला एकदा तरी पकडायचं होतं. बाईला तो गरजेपेक्षा जास्त घाईने विकायचा आहे, हे त्याने मनात पक्कं केलं होतं. पुढच्या चौकाआधी एक गतिरोधक होता. गाडी चढली, उतरली, सगळं आतून खडखडलं.

इंजिन गेलं.

"शून्य," बाई म्हणाली.

बहिणीने क्लच दाबला नव्हता. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, आपल्याच वेगाने पुढे जात होती. म्हणजे चाकं इंजिनाला फिरवतच होती. इंजिन फिरत होतं आणि स्कॅनर शून्य दाखवत होता. मिस्त्रीला त्याचा अर्थ तत्क्षणी कळला, आणि आवडला नाही. डिझेल संपत आलं असतं, तर आकडा हळूहळू उतरला असता. हा आकडा कुणीतरी वायर कापावी तसा पडला होता. स्कॅनर खरं सांगत होता.

बहिणीने गाडी कडेला घेतली, चावी फिरवली. चालू झाली. थोडं पुढे गेली. बाईने पाय हलवला, आणि पुन्हा गेली.

"शून्य."

बाईने सावकाश मान वळवून मिस्त्रीकडे पाहिलं. "तुम्ही मागून काही करताय का?"

"मी काय करणार?"

"ते मला काय माहीत? गाडी बंद पाडायची, स्कॅनर बिघडलाय म्हणायचं, किंमत पाडायची. असेही लोक असतात."

"किंमत तर तुम्ही फोनवरच पाडलीत!"

"तेच तुम्हाला खटकलं असणार," बाई म्हणाली. तिने डब्यावर टाच दाबली. शून्य. सोडली. बहिणीने चावी फिरवली, इंजिन लागलं. पुन्हा दाबली. शून्य. मग ती कष्टाने वाकली, हात सीटखाली घातला, डबा पुढे ओढला, आणि त्याच्या मागे, पत्र्याच्या काठाखाली तिची बोटं काहीतरी चाचपत राहिली.

"इथे बटण आहे," ती म्हणाली.

बाईने स्कॅनरची केबल काढली, पिशवीत भरली, पिशवी छातीशी धरली आणि दार उघडलं. "ताई, तुम्ही याला किती ओळखता, मला माहीत नाही. गाडीत लपवलेलं बटण आहे. दाबलं की इंजिन बंद. मी इथून चालत जाते."

"थांबा," बहीण म्हणाली. ती उतरली, वळसा घालून आली, रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसून सीटखाली बघितलं. मग तशीच बसून तिने भावाला विचारलं, "दादा, हे काय आहे?"

मिस्त्री मागच्या सीटवरून उतरत होता. त्याचा एक पाय गाडीत होता, एक रस्त्यावर.

"चोरबटण."

"कधी बसवलंस?"

"तू गाडी घेतलीस तेव्हा."

"इतकी वर्षं? माझ्या गाडीत? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू कुणाला तरी बोलली असतीस."

"कुणाला? शेळ्यांना?"

तो वाकून बटणाकडे बघत होता. फेरे मोजणाऱ्या सेन्सरची वायर कॉम्प्युटरकडे जाताना त्याने इथून वळवून आणली होती, त्यालाच हे जोडलं होतं. वायरीची दोन्ही टोकं त्याने तपासली होती. मधला तुकडा तपासला नव्हता. कंपनीवर त्याचा विश्वास नव्हता, पंपावर नव्हता, बहिणीच्या क्लचवर नव्हता. हा तुकडा त्याचा स्वतःचा होता; त्याकडे संशयाने बघायचं असतं, हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. आणि गाडी तपासायला न्यायचा तेव्हा तो लसींचा डबा काढून ठेवायचा, उगाच औषधं हिंदकळू नयेत म्हणून. डबा फक्त डोंगरात असायचा. चढावर मागे सरकायचा, उतारावर, वळणावर आपटायचा, आणि सैल झालेल्या बटणाला धक्का द्यायचा.

बाई अजून रस्त्याच्या कडेला उभी होती. ती परत आली, वाकली, बटणावरची टेप नखाने खरवडली. टेप उन्हाने वितळून गुळासारखी झाली होती, आत गंज चढला होता.

"हे आजचं नाही," ती म्हणाली. "तुम्ही चोर नाही."

"तेच सांगत होतो."

"चोर असता तर बरं होतं. चोर निदान स्वतःच्या बहिणीला दरीत घालत नाही."

मिस्त्रीने खिशातून पक्कड काढली, रस्त्यावर उताणा झोपून हात सीटखाली घातला, बटण कापून काढलं, वायर थेट जोडली, पिळली, टेप गुंडाळली. काम झाल्यावर बहिणीने बटण त्याच्याकडून मागून घेतलं आणि आपल्या खिशात टाकलं.

"अजून एखादं आहे का?"

तो क्षणभर थांबला. तेवढं तिला पुरलं.

"कुठे?"

"मागच्या दारात. पण ते इंजिनाचं नाही, फक्त हॉर्नचं..."

"काढ."

ते काढून झाल्यावर बाईने स्कॅनर पुन्हा जोडला. या वेळी बहिणीने मुद्दाम गतिरोधक शोधले, खड्डे शोधले, बाईने डब्याला टाचा मारल्या. आकडा वर गेला, खाली आला, शून्य झाला नाही. मिस्त्री मागे बसून ऐकत होता. त्याला त्या आवाजातल्या आकड्यांवर शंका घ्यायला जागा सापडत नव्हती, आणि हात रिकामे असल्यासारखं वाटत होतं.

घरापाशी आल्यावर त्याने पाकीट काढलं.

"तुम्हाला नाही विकणार," बाई म्हणाली.

"आता काय झालं?"

"यांना विकते." तिने पिशवी बहिणीच्या हातात दिली. "पैसे कुणीही द्या. वस्तू यांची. तुम्हाला लागला तर यांच्याकडे मागायचा, कशाला हवाय ते सांगून."

"मी मेकॅनिक, आणि स्कॅनर हिचा?"

"गाडी तिची, आणि बटण तुमचं होतं की," बाई म्हणाली आणि शटर खाली ओढायला वळली. शटर खाली येता येता तिचा आवाज आला. "झिजलेलं बटण जोरात दाबायचं नाही, ताई. हलकं दाबलं तरी लागतं."

परत येताना मिस्त्रीने दोनदा घसा साफ केला.

"चढायच्या आधी पुन्हा एकदा सगळी वायरिंग बघतो," तो म्हणाला.

"मी बसते सीटवर. तू खाली झोप. मी वाचते."

"आणि तू चुकीचं वाचलंस तर?"

ती हसली नाही, पण रागावलीही नाही. "मग तू खालीच राहा," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात ती डोंगर चढली. लसींचा डबा सीटखाली, स्कॅनर डॅशबोर्डवर पट्ट्याने बांधलेला. मिस्त्री दिवसभर गॅरेजमध्ये एका जुन्या व्हॅनचा क्लच उतरवत होता आणि प्रत्येक नट दोनदा मोजत होता. दुपार कलल्यावर फोन वाजला.

"पोचले वर."

"वाटेत?"

"एकदाही नाही."

"वरच पोचलीस, याची खात्री काय?"

पलीकडे फोन कशावर तरी घासल्याचा आवाज आला आणि अगदी कानाशी एक शेळी मोठ्याने, नाराजीने ओरडली.

"आणखी कुणाशी बोलायचंय?" बहिणीने विचारलं.

"नको," मिस्त्री म्हणाला. "पुरे."

फोन ठेवून तो व्हॅनकडे वळला. ती व्हॅनही त्याच्याच हाताखालून गेलेली होती. क्लच तसाच ठेवून त्याने ड्रायव्हरच्या सीटमागचं रबर उचकटलं, आत हात घातला आणि बटण चाचपलं. घट्ट होतं, कोरडं होतं, त्यात काही दोष नव्हता. तरी तो थोडा वेळ तसाच, हात आत घालून बसला. मग त्याने व्हॅनच्या मालकाला फोन लावला आणि म्हणाला, तुम्ही घरच्यांना घेऊन या, सगळ्यांना एक गोष्ट दाखवायची आहे.

"सगळ्यांना?" मालकाने संशयाने विचारलं. "का? काय झालं?"